साखरेचे कोडे सोडविणारा शास्त्रज्ञ : एमिल फिशर

रमजानच्या महिन्यात मगरिबची अजान होते आणि आपण खजुराने रोजा सोडतो. दिवसभराचा थकवा तो एक खजूर तोंडात विरघळताच निम्मा उतरल्यासारखा वाटतो. ईदच्या सकाळी घरोघर शिरखुर्मा शिजतो. त्यात दूध असते, साखर असते, शेवया असतात. अंगावर नवा सुती कुडता असतो. आता मी आपणांस एक प्रश्न विचारतो. खजूर, दूध, साखर, शेवया आणि सुती कुडता या पाच वस्तूंत समान असे काय आहे?

उत्तर असे की, या पाचही वस्तूंत ग्लुकोज आहे. खजुरात तो मोकळा आहे. दुधात तो गॅलॅक्टोज नावाच्या भावंडाला जोडलेला आहे. डब्यातल्या साखरेत तो फ्रुक्टोजला जोडलेला आहे. शेवयांच्या पिठात ग्लुकोजला ग्लुकोज जोडून झालेल्या लांब साखळ्या आहेत. आणि नवल म्हणजे कापसाच्या धाग्यातही ग्लुकोजला ग्लुकोज जोडून झालेल्या लांब साखळ्याच आहेत. मग शेवया पोटात पचतात आणि कुडता का पचत नाही? विटा त्याच, मग एक घर अन्नाचे आणि दुसरे वस्त्राचे कसे झाले?

हा प्रश्न पोरकट नाही. त्याचे उत्तर मिळण्यास रसायनशास्त्राला पन्नासेक वर्षे लागली. त्या कामाचा पाया ज्याने घातला, त्या एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाचे चरित्र आज आपणांसमोर ठेवीत आहे.

हा विषय मुद्दाम निवडला आहे. दहावीनंतर आपल्या समाजातील कित्येक हुशार मुले-मुली विज्ञान शाखेच्या दारापर्यंत येतात आणि माघारी फिरतात. विचारले तर सांगतात की रसायनशास्त्राची भीती वाटते, त्यातली लांबलचक नावे पाठ होत नाहीत. पालकांचीही एक अडचण आहे. माहुल-चेंबूर परिसरात राहणाऱ्या माणसाला रसायन म्हटले की धुराडी आणि नाकाला झोंबणारा वास आठवतो. परंतु रसायनशास्त्र म्हणजे केवळ धुराडे नव्हे. ते आपल्या ताटात आहे आणि आपल्या रक्तातही आहे.

लाकडाच्या वखारीतील मुलगा

एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीत, कोलोन शहराजवळच्या ऑयस्किर्शेन या लहानशा गावी झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे मोठे व्यापारी होते. मुलाने धंद्यात यावे, गादीवर बसावे अशी त्यांची साधी आणि रास्त इच्छा होती. आपल्यातही दुकानदार बाप याहून वेगळे काय इच्छितो?

१८६९ साली एमिल शालान्त परीक्षा उत्तम तऱ्हेने उत्तीर्ण झाला आणि वडिलांनी त्याला नातेवाईकांच्या लाकडाच्या व्यापारात घातले. मुलाचे मन तेथे मुळीच रमले नाही. शेवटी वडिलांनी असा निष्कर्ष काढला की, हा पोरगा व्यापाराला लागणाऱ्या बुद्धीचा नाही, तेव्हा याला शिकू द्यावे हेच बरे! ही गोष्ट पुढे विनोदाने सांगितली जाऊ लागली. परंतु वाचकहो, विनोद बाजूला ठेवून त्या बापाकडे पाहा. त्याने आपली इच्छा मागे घेतली आणि मुलाच्या शिक्षणासाठी पैसा खर्च केला. त्या एका निर्णयाने जगाला एक शास्त्रज्ञ मिळाला.

१८७१ साली एमिल बॉन विद्यापीठात दाखल झाला. तेथे केकुले यांच्यासारखे नामवंत रसायनज्ञ शिकवीत होते. तरीही त्याचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. चुलतभाऊ ओटो फिशर याच्या आग्रहावरून तो १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गला गेला आणि तेथे त्याला अडॉल्फ फॉन बायर हे गुरू लाभले. या गुरूच्या सहवासात त्याची रसायनशास्त्रावरील निष्ठा कायमची ठरली. १८७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्याला डॉक्टरेट मिळाली.

चिकट पाकातून पिवळे स्फटिक

१८७५ साली फिशर यांनी फिनाइल हायड्रॅझीन नावाचे एक नवे द्रव्य शोधून काढले. त्या वेळी हे द्रव्य आपल्याला साखरेच्या किल्ल्यात शिरण्याचा दरवाजा उघडून देणार आहे, याची त्यांनाही कल्पना नव्हती.

त्या काळी साखरवर्गातील पदार्थांचा अभ्यास म्हणजे मोठी डोकेदुखी होती. आपण गुऱ्हाळावर काकवी पाहिली असेल. ती घट्ट होते, बोटाला चिकटते, परंतु मिठासारखे स्वच्छ खडे धरीत नाही. प्रयोगशाळेत निरनिराळ्या शर्करा एकत्र आल्या की असाच चिकट पाक तयार होई. त्यात कोणती शर्करा किती आहे हे ओळखावे कसे? स्फटिक हाती लागले नाहीत तर रसायनज्ञ आंधळाच.

१८८४ साली फिशर यांना आढळले की, शर्करेच्या द्रावणात फिनाइल हायड्रॅझीन घालून तापविले असता सुरेख पिवळे स्फटिक मिळतात. त्यांना ओसाझोन हे नाव पडले. या स्फटिकांचा आकार आणि ते वितळण्याचे तापमान पाहून शर्करेची ओळख पटविता येऊ लागली. विज्ञानाच्या पदवी वर्गात गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हा प्रयोग हाताने केला असेल.

पण फिशर ओळख पटविण्यावर थांबले नाहीत. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या तीन निराळ्या शर्करांपासून एकच ओसाझोन मिळतो, हे त्यांनी हेरले. आता विचार करा. या शर्करांत सहा कार्बन अणूंची साखळी असते. ओसाझोन तयार होताना पहिल्या दोन कार्बनांचीच रचना बदलते. तिघांचाही ओसाझोन एकच असेल, तर तिसऱ्या कार्बनापासून खालचा भाग तिघांत सारखाच असला पाहिजे आणि फरक केवळ वरच्या दोन कार्बनांत असला पाहिजे. तीन भावांचे चेहरे वेगळे आणि चाल एकच असावी, तसा हा प्रकार. रेणू डोळ्यांना दिसत नाही, तरी केवळ तर्काने त्याचे अंतरंग वाचता येते, याचे यापेक्षा सुंदर उदाहरण क्वचितच सापडेल.

सोळा भावंडांचे कुटुंब

१८७४ मध्ये हॉलंडचे व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल यांनी स्वतंत्रपणे असे मांडले होते की, कार्बनच्या अणूला चार निराळे गट जोडलेले असतील तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. डावी चप्पल आणि उजवी चप्पल यांत माल तोच असतो, परंतु एकीच्या जागी दुसरी बसत नाही, तसेच हे. ग्लुकोजच्या साखळीत असे चार कार्बन आहेत. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे एकूण सोळा प्रकार झाले. या सोळांपैकी ग्लुकोज नेमका कोणता? हे फिशर यांच्यापुढचे कोडे होते.

१८९० मध्ये त्यांनी साध्या द्रव्यांपासून प्रयोगशाळेत ग्लुकोज तयार करून दाखविला. परंतु त्याची मांडणी अजून हाती लागत नव्हती. १८९१ च्या वसंत ऋतूत ते इटलीच्या समुद्रकाठी बोर्डिगेरा येथे विश्रांतीसाठी गेले होते. गुरू बायरही तेथे होते. फिशर यांनी त्यांना कोड्याचा एक भाग घातला. बायर यांनी मोठ्या उत्साहाने पावाचा लगदा आणि दातकोरणी घेऊन कार्बनच्या अणूंचे नमुने बनविले. पुष्कळ खटपट केली आणि अखेर नाद सोडून दिला. जगातील एक अग्रगण्य रसायनज्ञ जेवणाच्या टेबलावर पावाच्या गोळ्यांपुढे हरला! पुढे फिशर यांनी वुर्त्सबुर्ग येथे परतून चांगले नमुने हाती घेतले, दीर्घ काळ विचार केला आणि त्याच वर्षी उत्तर काढले.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या वाचनात धडा समजला नाही म्हणून पुस्तक मिटून टाकू नका. बायर यांनाही समजले नव्हते.

या कामात एका ठिकाणी फिशर यांना अंदाज करावा लागला. प्रत्येक मांडणीची आरशात दिसावी तशी एक प्रतिमा असते. त्या दोघींपैकी निसर्गातला ग्लुकोज कोणता, हे ठरविण्याचे साधन त्या काळी नव्हते. फिशर यांनी त्यांपैकी एक निवडली आणि ही केवळ सोयीसाठी केलेली निवड आहे असे धरून पुढचे काम केले. निम्मी शक्यता चुकण्याची होती. फिशर गेल्यानंतर ३२ वर्षांनी, १९५१ मध्ये, हॉलंडमधील बायफुट या शास्त्रज्ञाने क्षकिरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की, ती निवड बरोबर होती. आज ग्लुकोजच्या नावामागे जे डी हे अक्षर लागते, ते याच मांडणीचे चिन्ह होय. या अक्षरांची पद्धत १९०६ मध्ये रोझॅनॉफ या रसायनज्ञाने नीट बसवून दिली.

हाताला हात

आता आपण कुडता आणि शेवया यांच्या प्रश्नाकडे येऊ.

ग्लुकोजची साखळी बहुधा सरळ राहत नाही. ती वळून स्वतःलाच जोडली जाते आणि कडे तयार होते. कडे तयार होताना पहिल्या कार्बनावर एक नवा हात फुटतो. हा हात नेहमीच्या चित्रात खाली असेल तर त्याला अल्फा म्हणतात आणि वर असेल तर बीटा म्हणतात. हा हात दुसऱ्या रेणूचा हात धरतो, तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोघांमध्ये ऑक्सिजनचा पूल तयार होतो. या पुलाला ग्लायकोसिडिक बंध म्हणतात. साखरेच्या साऱ्या जगाचे सांधे हेच आहेत.

१८९३ मध्ये फिशर यांनी मिथाइल अल्कोहोलमध्ये ग्लुकोज घालून, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या साहाय्याने असा सांधा कृत्रिम रीतीने जुळविला. त्यांना अल्फा आणि बीटा असे दोन्ही नमुने हाती लागले. मग त्यांनी एक साधाच पण विलक्षण प्रयोग केला. एका बाजूला खमिराचा अर्क घेतला आणि दुसऱ्या बाजूला कडू बदामातील इमल्सिन नावाचे पाचक द्रव्य घेतले. खमिराच्या अर्काने अल्फा सांधा तोडला, बीटाला हातही लावला नाही. इमल्सिनने बीटा तोडला, अल्फाला स्पर्श केला नाही. यावरून १८९४ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की, पाचक द्रव्य आणि त्याचे लक्ष्य यांचे नाते कुलूप आणि किल्ली यांच्यासारखे असते. पुढे या विचारात सुधारणा झाल्या, परंतु औषधशास्त्र आजही या उपमेवाचून बोलू शकत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. पिठातील स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू अल्फा हाताने जोडलेले असतात. अशी साखळी मळसूत्रासारखी वळत जाते. आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडात या कुलपाची किल्ली आहे, म्हणून शेवया पचतात. कापसातील सेल्युलोजमध्ये तेच रेणू बीटा हाताने जोडलेले असतात. ती साखळी सरळ ताठ राहते आणि शेजारच्या साखळीला घट्ट बिलगते, त्यामुळे बळकट धागा मिळतो. त्या कुलपाची किल्ली माणसाच्या पोटात नाही. गाईम्हशींच्या पोटातही ती स्वतःची नाही. तेथे राहणारे सूक्ष्म जीव ते कुलूप उघडतात, म्हणून गवतावर जनावर जगते आणि आपल्याला दूध देते. केवळ एका हाताची दिशा बदलली, आणि एकाचे अन्न झाले, दुसऱ्याचे वस्त्र!

काही माणसांना दूध पचत नाही, पोट फुगते. त्यांना घरात नखरेबाज म्हणून बोलणी खावी लागतात. दुधातील लॅक्टोजचा सांधा बीटा प्रकारचा आहे. तो तोडणारी किल्ली तान्ह्या मुलाच्या पोटात भरपूर असते, पण पुष्कळ लोकांत वय वाढते तशी ती कमी होत जाते. तेव्हा हा नखरा नसून रसायन आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नाव वाचावे कसे?

आता त्या लांबलचक नावांची भीती घालवू. आपल्याकडे थोरांची नावे कशी असतात? इब्न सीना म्हणजे सीनाचा वंशज. अमुक बिन तमुक असे म्हटले की बाप कळतो. कोकणात आडनाव मुरुडकर किंवा चिपळूणकर असले की गाव कळते. नाव म्हणजे माणसाचा पत्ताच. शर्करेचे नावही तसेच आहे. ते पाठ करावयाचे नसते, वाचावयाचे असते.

मोड आलेल्या धान्यात मिळणाऱ्या माल्टोजचे शास्त्रीय नाव असे आहे : ४-ओ-अल्फा-डी-ग्लुकोपायरॅनोसिल-डी-ग्लुकोज. हे नाव शेवटाकडून वाचा. शेवटी डी-ग्लुकोज आहे, म्हणजे यजमान कोण ते कळले. त्याच्या आधी ग्लुकोपायरॅनोसिल आहे. यातील शेवटचे इल हे अक्षर सांगते की, हा पाहुणा असून त्याने आपल्या पहिल्या कार्बनाचा हात पुढे केला आहे. पायरॅन म्हणजे त्याचे कडे सहा अणूंचे आहे. अल्फा म्हणजे हात खालच्या दिशेचा आहे. सर्वांत आधीचे ४-ओ सांगते की, यजमानाच्या चौथ्या कार्बनावरील ऑक्सिजनपाशी ही गाठ बसली आहे. हीच गोष्ट थोडक्यात अल्फा एक-चार बंध अशी सांगतात.

आता या नावात अल्फाच्या जागी बीटा लिहा. झाला सेलोबायोज, म्हणजे सेल्युलोजचा तुकडा. पाहुण्याच्या जागी गॅलॅक्टोज बसवा आणि बीटा कायम ठेवा. झाला दुधातील लॅक्टोज.

आपल्या डब्यातील साखरेचे नाव मात्र थोडे निराळे आहे : अल्फा-डी-ग्लुकोपायरॅनोसिल-बीटा-डी-फ्रुक्टोफ्युरॅनोसाइड. फ्युरॅन म्हणजे फ्रुक्टोजचे कडे पाच अणूंचे आहे. शेवट ओज असा नसून साइड असा आहे, याचा अर्थ यजमानाचाही मुख्य हात या गाठीत गुंतला आहे. ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन यांनी एकमेकांचे हात धरले आहेत, कोणाचाच हात मोकळा नाही. म्हणून बेनेडिक्टच्या परीक्षेत ग्लुकोज लाल रंग दाखवितो आणि शुद्ध साखर दाखवीत नाही. नाव नीट वाचले की परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर नावातच सापडते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कड्यांचा आकार ठरविण्यात फिशर चुकले होते. ग्लुकोजचे कडे पाच अणूंचे असावे असे त्यांनी धरले होते. १९२० नंतरच्या वर्षांत इंग्लंडचे वॉल्टर हॉवर्थ यांनी ते सहा अणूंचे असल्याचे दाखविले. त्यांची युक्ती मोठी चतुर होती. जोडलेल्या शर्करेच्या सर्व मोकळ्या हातांवर मिथाइल गटाचे मोजे चढवावयाचे, मग सांधा तोडावयाचा आणि कोणत्या हातावर मोजा नाही ते पाहावयाचे. जो हात उघडा, तोच गाठीत गुंतलेला होता! हे हॉवर्थ चौदाव्या वर्षी शाळा सोडून वडिलांच्या लिनोलियमच्या कारखान्यात कामाला लागले होते आणि पुढे स्वतःच्या जिद्दीने शिकले. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

मान आणि दुःख

१८८३ मध्ये बास्फ या मोठ्या रंगकारखान्याने फिशर यांना आपल्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद देऊ केले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही, कारण त्यांना विद्यापीठातच राहावयाचे होते. वडिलांनी त्यांना पैशाच्या दृष्टीने निर्धास्त केले होते, हेही येथे विसरू नये. एर्लांगेन आणि वुर्त्सबुर्ग येथे अध्यापन केल्यावर १८९२ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले. चहाकॉफीतील कॅफीन, मूत्रातील यूरिक आम्ल यांसारख्या द्रव्यांचे एकच घराणे आहे हे त्यांनी सिद्ध केले आणि त्याला प्युरीन हे नाव दिले. पुढे प्रथिनांच्या साखळ्यांवरही त्यांनी काम केले. १९०२ मध्ये शर्करा आणि प्युरीन यांवरील कार्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते रसायनशास्त्राचे दुसरेच पारितोषिक होते. पहिले मिळाले होते व्हान्ट हॉफ यांना, ज्यांच्या कल्पनेच्या खांद्यावर फिशर उभे होते.

बाहेर मान मिळत होता, तेव्हा घरात दुःख होते. १८८८ मध्ये त्यांचा विवाह आग्नेस गेर्लाख यांच्याशी झाला. सातच वर्षांनी पत्नीचे निधन झाले आणि तीन लहान मुले आईवेगळी झाली. ज्या फिनाइल हायड्रॅझीनने कीर्ती दिली, त्याच विषारी द्रव्याच्या वर्षानुवर्षांच्या संपर्काने त्यांची प्रकृतीही खालावली. बर्लिनमध्ये १९०० साली त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा तेथील हवा खेळती राहावी याकडे त्यांनी विशेष लक्ष पुरविले. हा धडा त्यांनी स्वतःच्या शरीराचे मोल देऊन शिकला होता. मुलांनो, प्रयोगशाळेत चष्मा लावा, हातमोजे घाला म्हणून शिक्षक सांगतात, तेव्हा हसू नका.

आणखी एक प्रसंग मुलींच्या पालकांनी अवश्य वाचावा. १९०७ मध्ये लिझ माइटनर ही तरुण विदुषी बर्लिनला काम करण्यासाठी आली. फिशर यांच्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. प्रयोग करताना स्त्रियांच्या केसांना आग लागेल, अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी परवानगी दिली, ती तळघरातल्या सुताराच्या जुन्या खोलीपुरती. वरच्या मजल्यावर पाऊल ठेवावयाचे नाही, अशी अट होती. माइटनर यांनी त्याच खोलीत काम सुरू केले. पुढे प्रशियातील विद्यापीठांची दारे स्त्रियांना उघडली, तेव्हा फिशर यांनी ही अट काढून टाकली आणि नंतर माइटनर यांना पाठिंबाच दिला. आपले मत चुकीचे असू शकते, हे मान्य करण्याचे मोठेपण त्यांच्यात होते. त्याच माइटनर यांनी पुढे अणूचे विभाजन कसे होते याची उकल १९३९ मध्ये जगापुढे मांडली. आपल्या शेजारी तुर्भ्याला १९५६ साली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, तिच्यामागील शास्त्राचा एक धागा असा त्या सुतारखोलीपर्यंत जातो. कोणत्या मुलीला आपण तळघरातच ठेवीत आहोत, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा.

पहिल्या महायुद्धाने फिशर यांना मोडून टाकले. तीन मुलांपैकी दोघे त्या काळात गेले. तिसरा मुलगा हेर्मान तेवढा राहिला आणि तोही पुढे शर्करांचाच नामवंत अभ्यासक झाला. कर्करोगाने ग्रासलेल्या एमिल फिशर यांनी १५ जुलै १९१९ रोजी बर्लिन येथे या जगाचा निरोप घेतला. ओटो डील्स आणि ओटो वारबुर्ग यांच्यासारखे त्यांचे शिष्य पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

बर्लिनपासून मुंबईपर्यंत

हे सारे दूरदेशीचे आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांना साखर या शब्दाचाच प्रवास सांगतो. संस्कृतातील शर्करा अरबांनी सुक्कर म्हणून नेली, स्पेनमध्ये ती अझूकार झाली आणि इंग्रजीत शुगर झाली. अल्कली हा शब्दही अरबीच आहे. ज्ञान आणि माल दोन्ही आपल्याच बंदरांतून आणि आपल्याच पूर्वजांच्या हातांतून पुढे गेले आहेत. रसायनशास्त्र आपल्याला परके नाही.

आणि अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ख्वाजा अब्दुल हमीद यांचे घ्या. १८९८ साली अलिगढला जन्मलेला हा तरुण फिशर यांच्या निधनानंतर काही वर्षांनी त्याच बर्लिनमध्ये गेला, तेथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून परतला आणि १९३५ मध्ये त्याने आपल्या मुंबईत सिप्ला ही औषधांची कंपनी स्थापन केली. १९७२ मध्ये ते निवर्तले, परंतु त्यांनी लावलेल्या झाडाची सावली आज अनेक देशांतील रोग्यांना मिळते.

पालकहो, आपला मुलगा दुकानात रमत नसेल तर लॉरेन्झ फिशर यांना आठवा. मुलगी विज्ञान शाखा मागत असेल तर त्या सुतारखोलीला आठवा. आणि आपल्या परिसरातील धुराड्यांचा त्रास वाटत असेल, तर ध्यानात ठेवा की, रसायनाविषयी नेमका प्रश्न विचारण्यासाठीही आपल्यांत रसायन जाणणारी माणसे असावी लागतात. ती बाहेरून येणार नाहीत, आपल्याच घरांतून निघाली पाहिजेत.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. दुधातला बीटा सांधा, शेवयांतला अल्फा सांधा, साखरेतले दोन्ही गुंतलेले हात, सारे त्या एका वाटीत आहे. आणि वाटीखालचा सुती रुमालही त्याच ग्लुकोजचा आहे. एवढे ओळखता आले, की बारावीच्या पुस्तकातले जैवरेणूंचे प्रकरण तुम्हांला परके वाटणार नाही. अल्लाह आपणां सर्वांच्या प्रयत्नांना यश देवो.